सांध्यांची नोंद नसेल, तर स्प्रिंकलरला प्रमाणपत्र नको

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय, मुंबई,
आणि राज्यातील सर्व लायसन्सधारक एजन्सी

विषय: स्प्रिंकलरच्या पाइपजोडणीतील मेकॅनिकल फिटिंग्ज आणि नमुना ‘अ’सोबत सांध्यांची नोंदवही सक्तीची करण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

मी अग्निशमन यंत्रणा उभारणीच्या कामात असलेला अभियंता आहे. मागणी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच मांडतो. स्प्रिंकलर यंत्रणेचा, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचा, नमुना ‘अ’ (ती नीट बसवल्याचे एजन्सीचे प्रमाणपत्र) स्वीकारताना त्यातील प्रत्येक ग्रूव्ह कपलिंग (दोन पाइप जोडणारी कडी) आणि प्रत्येक मेकॅनिकल टी (पाइपला भोक पाडून फाटा काढणारी जोडणी) यांची लेखी नोंद सोबत जोडणे सक्तीचे करावे. पाइपचा बाहेरचा व्यास किती, त्यावर कोणत्या मापाचे कपलिंग बसले, ग्रूव्ह, म्हणजे पाइपवरची खाच, किती खोल निघाला आणि टीसाठी पाडलेल्या भोकाची चकती हातात आली का, एवढेच त्यात हवे. मी पाहिलेल्या बहुतेक कामांत असा कागद नव्हता.

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ने यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. बसवल्यावर लायसन्सधारक एजन्सी नमुना ‘अ’ देते, पुढे दर जानेवारीत आणि जुलैत ती चालू स्थितीत असल्याचा नमुना ‘ब’ द्यावा लागतो. व्यवस्था चांगली आहे. पण सोसायटीच्या सचिवाला किंवा रुग्णालयाच्या अधीक्षकाला फॉल्स सीलिंगच्या वर काय आहे ते दिसत नाही. तपासणीला येणारे आपले अधिकारी पंप चालवून पाहतात, पॅनेल पाहतात, दाब पाहतात. सांधा मात्र एकदा सीलिंग बंद झाले की कुणाच्याच नजरेस पडत नाही, आणि पुढची अनेक वर्षे इमारतीची भिस्त त्याच्यावर असते.

आधी मेकॅनिकल फिटिंग्जच्या बाजूने बोलतो, कारण काही ठिकाणी अजूनही त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते आणि ‘वेल्डिंगच पक्के’ असे ऐकू येते.

ग्रूव्ह कपलिंग म्हणजे बिडाच्या दोन अर्ध्या कड्या (चांगल्या मालात डक्टाइल आयर्नच्या), आत रबराचे गॅस्केट आणि दोन बोल्ट. पाइपच्या टोकाजवळ मशीनवर रोलरने दाबून एक खाच पाडतात, तिला ग्रूव्ह म्हणतात. कड्यांच्या आतली कड त्या खाचेत बसते आणि पाइप धरून ठेवते. पाणी अडवायचे काम गॅस्केटचे. साइटवर कंपनी कोणतीही असो, सगळे त्याला ‘विक्टॉलिक’ म्हणतात. रोलरने ग्रूव्ह पाडताना धातू कापला जात नाही, फक्त आत दाबला जातो. आटे पाडताना मात्र पाइपची भिंत खरवडली जाते आणि गंज पहिल्यांदा तिथेच लागतो.

या पद्धतीचा सर्वात मोठा फायदा म्हणजे साइटवर ज्वाला लागत नाही. पाइप वर्कशॉपमध्ये कापून, ग्रूव्ह पाडून आणायचे आणि वर चढवून बोल्ट आवळायचे. माणसे वावरत असलेल्या इमारतीत याला पर्याय नाही असे माझे स्पष्ट मत आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांचे फायर ऑडिट झाले आणि अनेक जुन्या इमारतींत स्प्रिंकलर बसवण्याचे काम निघाले. म्हणजे ऑक्सिजनच्या लाइनी, गाद्या, पडदे आणि हलवता न येणारे रुग्ण यांच्या डोक्यावर काम करायचे. तिथे गॅस कटर आणि वेल्डिंगचा होल्डर घेऊन चढणे म्हणजे आग विझवण्याची सोय करता करता आगीलाच निमंत्रण.

त्याच महिन्यात, २१ जानेवारी २०२१ ला, पुण्याजवळ मांजरीला सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारातील काम सुरू असलेल्या इमारतीत आग लागून पाच जण दगावले. तिथे वेल्डिंगचे काम सुरू असल्याची माहिती त्या वेळी प्राथमिक कारण म्हणून पुढे आली होती. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर ११ एप्रिल १९९६ ला वेल्डिंगची ठिणगी छताच्या आतल्या पॉलिस्टायरीनच्या थरापर्यंत पोचली आणि १७ माणसे मेली. ठिणगी कुठे पडली हे वेल्डरला मास्कमागून दिसत नाही आणि ती तासन्‌तास धुमसत राहू शकते. शिवाय जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपवर वेल्डिंग केले की जस्ताचा थर जळतो. धूर कामगाराच्या छातीत जातो, रात्री त्याला ताप भरतो आणि पाइपला त्याच जागी आतून गंज धरतो.

वर्कशॉपमध्ये, नीट धरून, आतून साफ करून केलेल्या वेल्डिंगला माझा विरोध नाही. हेडर, म्हणजे अनेक फाटे निघणारे मुख्य पाइप, तसेच बनवावेत. शिडीवर उभे राहून, डोक्याच्या वर हात करून मारलेल्या टाक्यांबद्दल मी बोलतो आहे.

‘आगीत रबर वितळेल’ हा आक्षेप मी सोसायट्यांच्या बैठकांत अनेकदा ऐकला आहे. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रणांत पाइप कायम पाण्याने भरलेले असतात. स्प्रिंकलरच्या तोंडाशी असलेला लाल काचेचा बल्ब ६८ अंश सेल्सिअसला फुटतो आणि त्या पाइपमधून पाणी वाहू लागते. आतल्या पाण्यामुळे गॅस्केट थंड राहते. यूएल किंवा एफएम या अमेरिकी तपासणी संस्थांची मान्यता असलेले कपलिंग याच उपयोगासाठी तपासलेले असते. शीतगृहासारख्या ठिकाणी जिथे पाइप कोरडे ठेवावे लागतात, तिथे कोरड्या यंत्रणेसाठी मान्य केलेले गॅस्केटच वापरावे लागते. ते वेगळे मागवावे लागते, एवढी एक गोष्ट एजन्सीने लक्षात ठेवायची.

तेव्हा वस्तू चांगली आहे. तक्रार ती बसवण्याच्या पद्धतीबद्दल आहे, आणि त्यात सर्वात धोकादायक बाब मापाची आहे.

बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या मालाच्या यादीत, लिहिलेले असते ‘१५० एमएम पाइप, हेवी क्लास’. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे १५० एमएम पाइपचा बाहेरचा व्यास १६५.१ मिलिमीटर. आयएस ३५८९ प्रमाणे घेतला तर तोच १५० एमएम पाइप १६८.३ मिलिमीटरचा येतो आणि अमेरिकी मापाचा सहा इंची पाइपही १६८.३ चाच. बाजारात दोन्हींसाठी वेगळी कपलिंग मिळतात आणि बिलावर दोन्ही ‘१५० एमएम’ म्हणून येतात. हाताने धरून फरक कळत नाही. ६५ एमएमलाही तेच: आपला पाइप ७६.१, अमेरिकी मापाचा ७३.०. आणि १०० एमएमला दोन्हीकडे ११४.३. तिथे कधीच अडत नाही, म्हणून माप एकच असते अशी फिटरची खात्री होऊन बसते.

आता १६५.१ च्या पाइपवर १६८.३ चे कपलिंग बसवले तर काय होते ते पाहा. या मापाच्या ग्रूव्हची खोली दोन मिलिमीटरपेक्षा थोडीच जास्त असते, साधारण २.१६. व्यासात ३.२ मिलिमीटरचा फरक म्हणजे प्रत्येक बाजूला १.६. खाचेत बसणारी कड २.१६ ऐवजी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर पकडते. बोल्ट मात्र व्यवस्थित आवळले जातात, दोन्ही कड्या एकमेकींना टेकतात, बाहेरून सांधा देखणा दिसतो. १४ बार दाबाला या पाइपच्या वळणावर किंवा बंद टोकावर सुमारे तीन टनांचा रेटा येतो, आणि तो रेटा त्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने तोलायचा असतो.

उलटे झाले, म्हणजे १६८.३ च्या पाइपवर १६५.१ चे कपलिंग आले, तर कड्या टेकत नाहीत, फट राहते. मग पान्याला पाइपचा तुकडा लावून बोल्ट ओढला जातो. बोल्ट ताणला जातो, कडीला बारीक चीर जाऊ शकते. हे निदान डोळ्यांना दिसते तरी.

एका व्यापारी संकुलाच्या तळघरात पंप सुरू होताक्षणी मुख्य लाइनचा सांधा सुटलेला मी पाहिला आहे. रात्रीची वेळ होती, म्हणून कुणाला लागले नाही. सुटलेल्या कपलिंगवर ओतीव अक्षरांत १६८.३ लिहिलेले होते आणि पाइप १६५.१ चा होता. दोन ट्रक वेगवेगळ्या दिवशी आले होते आणि माल एकाच ढिगात टाकला गेला होता. त्या जागेला नमुना ‘अ’ मिळालेला होता. हायड्रो टेस्टही, म्हणजे पाइपमध्ये पाणी भरून दाब देण्याची चाचणीही, झाली होती.

हायड्रो टेस्टवर सगळ्यांचा फार विश्वास आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. एनएफपीए १३ या स्प्रिंकलरच्या अमेरिकी मानकाप्रमाणे नेहमीच्या यंत्रणेला १३.८ बार दाब दोन तास ठेवून पाहतात. ही चाचणी हवीच. पण तिच्यात दाब हळूहळू चढवला जातो आणि पाणी जागच्या जागी उभे असते. अर्धवट पकडलेला सांधा असे दोन तास तग धरू शकतो. पुढे पंप झटक्यात सुरू होतो, पाण्याचा धक्का बसतो, उंच इमारतीत दर १०० मीटरला सुमारे १० बारचा स्वतःचा दाब खालच्या मजल्यांवर असतोच, आणि असे धक्के वर्षानुवर्षे बसत राहतात. चाचणी त्या दिवशीची गळती सांगते. कड किती पकडली आहे ते सांगत नाही. पाइपच्या आत काय अडकले आहे, हे तर तिला कळूच शकत नाही.

यावरून चकतीचा विषय येतो. चालू लाइनला फाटा काढायचा तर मेकॅनिकल टी सोयीची. होल सॉने (गोल करवतीने) भोक पाडायचे, त्यावर टीचा खोगिरासारखा भाग बसवायचा, दुसऱ्या बाजूने पट्टा किंवा यू-बोल्ट आवळायचा. भोक पाडताना लोखंडाची एक गोल चकती सुटते. ती होल सॉमध्ये अडकून बाहेर आली तर ठीक. पाइपमध्ये पडली तर तिथेच राहते, आणि ज्या दिवशी खरोखर पाणी वाहते त्या दिवशी प्रवाहाबरोबर सरकत पुढच्या अरुंद फाट्याच्या तोंडाशी जाऊन बसते. त्या फाट्यावरचे सगळे स्प्रिंकलर एका क्षणात निकामी. के-८० (हा आकडा स्प्रिंकलर किती पाणी सोडतो ते सांगतो) चा साधा स्प्रिंकलर अर्ध्या बार दाबाला मिनिटाला सुमारे ५७ लिटर पाणी देतो. तोंडाशी चकती बसल्यावर तिथे थेंबथेंब येईल. हायड्रो टेस्टमध्ये पाणी वाहतच नाही, त्यामुळे चकती जागची हलत नाही. शेवटच्या टोकाची टेस्ट व्हॉल्व्ह उघडली तरी पाणी त्या एका वाटेनेच जाते, बाकीचे फाटे तपासलेच जात नाहीत.

गॅस कटरने भोक पाडणे तर पूर्ण बंद व्हायला हवे. कड वेडीवाकडी राहते, गॅस्केट नीट बसत नाही आणि वितळलेल्या लोखंडाचे गोळे आत लोंबतात. भोकाचा आकार उत्पादकाच्या तक्त्यात दिलेला असतो. तो अंदाजाने ठरवायचा नसतो. लहान पडले तर पाण्याची वाट अडते, मोठे पडले तर गॅस्केटला बसायला जागा उरत नाही.

गॅस्केटचेही असेच. स्प्रिंकलरच्या कपलिंगमध्ये बहुतेक ईपीडीएम रबर असते. ते पाण्यात वर्षानुवर्षे टिकते, पण खनिज तेल त्याला चालत नाही, ते फुगते आणि मऊ पडते. त्यासाठी उत्पादक वेगळे वंगण देतात. साइटवर त्याचा डबा संपला की हाताशी असलेले ग्रीस लावले जाते. सांधा त्या दिवशी गळत नाही, नंतर कधीतरी गळतो, आणि तोपर्यंत ठेकेदाराची हमीची मुदत संपलेली असते. पाइपच्या टोकापासून ग्रूव्हपर्यंतचा पट्टा, १५० एमएमला साधारण १६ मिलिमीटर, गुळगुळीत हवा. त्यावर लाल रंगाचे थर, वेल्डच्या शिवणीचा उंचवटा, आपटल्याचा पोचा काहीही नको, कारण गॅस्केट तिथेच टेकते.

ताठ आणि लवचीक कपलिंगचा भेदही आपल्या तपासणीत यायला हवा. लवचीक कपलिंग थोडे वळू देते. म्हणून भूकंपाचा विचार असलेल्या रचनेत रायझरच्या (मजल्यांतून वर जाणाऱ्या उभ्या पाइपच्या) वर-खाली आणि इमारतीच्या दोन भागांतील सांध्याजवळ त्यांची जागा ठरलेली असते. कोयना आणि किल्लारी पाहिलेल्या राज्यात हे वेगळे सांगायला नको. पण स्वस्त मिळाले म्हणून सगळीकडे लवचीकच लावले, तर लाइन डुलते, पाइप छताला टांगणारे जास्तीचे हँगर लागतात आणि ते कुणी लावत नाही.

हे सगळे वाचून रोख फिटरवर आहे असे वाटू नये. हे काम करणारी मुले गावाकडून किंवा परराज्यातून येतात. त्यांना दिवसाला किती सांधे झाले यावर मोजले जाते. पेटीसोबत येणारा सूचनांचा कागद इंग्रजीत असतो आणि तो पॅकिंगबरोबर फेकला जातो. पाय टेप, म्हणजे पाइपभोवती गुंडाळली की थेट व्यास दाखवणारी पट्टी, ही किरकोळ किमतीची वस्तू कितीतरी साइटवर नसतेच. ग्रूव्हिंग मशीनचे रोलर झिजले की खोली बदलते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. ज्यांना एकदा नीट दाखवले, त्या मुलांनी नंतर माझ्यासमोर ठेकेदाराला चुकीचे कपलिंग परत करायला लावले आहे.

म्हणून नोंदवही. प्रत्येक सांध्याला नकाशावर एक क्रमांक आणि त्यापुढे एक ओळ. पाइप कोणत्या मानकाचा, मोजलेला व्यास, कपलिंगवर ओतलेले माप आणि मान्यतेची खूण, ग्रूव्ह पाडल्यावर मोजलेला व्यास, ताठ की लवचीक, आवळणाऱ्याचे नाव. मेकॅनिकल टी असेल तर भोकाचे माप आणि चकती. चकतीच्या बाबतीत मी शब्दावर विश्वास ठेवू नये असे म्हणेन. ती तारेने त्याच टीला बांधून ठेवावी. जिथे टी आहे आणि चकती नाही, तिथे ती लाइन उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या अधिकाऱ्याला सगळे सांधे पाहायची गरज नाही. सीलिंग बंद होण्याआधी नोंदवहीतील काही क्रमांक त्याने स्वतः निवडावेत, ते उघडायला सांगावेत आणि पाय टेप लावावी. आपल्याला हवा तो सांधा उघडला जाऊ शकतो हे ठाऊक असले की कामाची रीत बदलते.

वेळ वाढेल, खर्च वाढेल, असे एजन्सी म्हणतील. एजन्सीतील मित्रांना माझे उत्तर असे की आपण सांधा बसवताना माप पाहतच असू, तर ते लिहायला अर्धे मिनिट लागते. पाहत नसू, तर आपण नमुना ‘अ’वर सही करता कामा नये. उद्या लाइन सुटून कुणी जखमी झाले, तर आपण काम नीट केले होते हे दाखवायला ही नोंदवहीच आपल्या हाती असेल.

याच्या जोडीने आणखी दोन गोष्टी संचालनालयाने कराव्यात अशी विनंती आहे. चालू रुग्णालये, शाळा, मॉल आणि राहत्या इमारतींत स्प्रिंकलरच्या कामासाठी जागेवर वेल्डिंग आणि गॅस कटिंग करायचे असेल, तर एजन्सीने आधी लेखी कारण द्यावे आणि हॉट वर्क परमिटशिवाय, म्हणजे ज्वाला-ठिणगीच्या कामाच्या लेखी परवानगीशिवाय, ते होऊ नये. आणि एजन्सीचे लायसन्स देताना किंवा नूतनीकरण करताना तिच्याकडे या सांध्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेले फिटर आहेत का, ते विचारावे. आपल्याच राज्यात नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, आयटीआय जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. एक दिवसाचा, हाताने करायचा अभ्यासक्रम मराठीत आणि हिंदीत तयार करणे अवघड नाही. तो तयार करायला आणि शिकवायला मी माझा वेळ विनामूल्य द्यायला तयार आहे. माझ्यासारखे इतरही येतील.

जुन्या इमारतींत नोंदवही मागे जाऊन बनवता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे निदान मुख्य लाइन आणि रायझरवरील १५० आणि ६५ एमएमच्या कपलिंगवर ओतलेले माप वाचून, शेजारच्या पाइपचा व्यास मोजून ताडून पाहता येईल. त्यासाठी काहीही उघडावे लागत नाही, एक शिडी, एक टॉर्च आणि एक पाय टेप पुरते. येत्या नमुना ‘ब’पासून एवढी एक तपासणी जोडावी आणि तसे परिपत्रक लायसन्सधारक एजन्सींना पाठवावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
अग्निशमन यंत्रणा उभारणीतील एक अभियंता